मागचा पांढरा दिवा: रिव्हर्स लाइटमध्ये एलईडी यायला इतकी वर्षं का लागली?

आजचा भाग सुरू होतो आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. रात्रीचे साडेनऊ, बाहेर पाऊस. बाबा गाडी रिव्हर्स घेत होते आणि मी मागे उभा राहून "या, या, येऊ द्या" करत होतो. खरं सांगायचं तर एका हातात मोबाइल होता. तेवढ्यात कडकड आवाज आला. बघतो तर मागच्या चाकाखाली शेजारच्या मुलाची सायकल. तो दोन मिनिटांपूर्वीच ती तिथे आडवी टाकून लिफ्टकडे पळाला होता.

सायकल आम्ही भरून दिली. पण बाबा जेवताना एकदाच बोलले, "दोन मिनिटं रे." पुढे काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागचे दिवे तपासले. रिव्हर्सच्या दोन बल्बपैकी एक उडालेला, दुसरा आतून काळवंडलेला. कधीपासून, देव जाणे. चालवणाऱ्याला हा दिवा दिसतच नाही ना! मी एलईडी बल्बची जोडी मागवली आणि रविवारी बसवायला घेतली. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. गाडीचा ब्रेक लाइट कंपनीतूनच एलईडी आलाय. टेल लाइटही एलईडी. मग शेजारचा रिव्हर्स लाइट तेवढा जुन्या तारेच्या बल्बचा का?

अर्धं उत्तर पैशाचं आहे. हा दिवा दिवसातून जेमतेम काही मिनिटं लागतो, तिथे कंपनी खर्च वाचवते. उरलेलं अर्धं उत्तर मात्र इतिहासात आहे, आणि ते रंगाचं आहे.

गाडीच्या मागे लाल दिवा म्हणजे "मी पुढे चाललोय". पांढरा दिवा लागला की अर्थ उलटतो, "मी तुमच्याकडे येतोय". म्हणजे या दिव्याला दोन कामं आहेत, चालवणाऱ्याला मागचं दाखवायचं आणि मागच्याला सावध करायचं. म्हणून तो पांढरा हवा. आणि एलईडीच्या दुनियेत पांढरा रंग आला सगळ्यात शेवटी.

चला, शंभरहून जास्त वर्षं मागे जाऊ. १९०७ साली मार्कोनी कंपनीत काम करणारा हेन्री राउंड नावाचा इंग्रज इंजिनिअर रेडिओसाठी वेगवेगळे स्फटिक तपासत होता. कार्बोरंडमच्या, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडच्या, एका तुकड्यातून त्याने वीज सोडली आणि तो पिवळसर चमकला. राउंडने एका मासिकाला छोटंसं पत्र लिहून ते कळवलं. विषय तिथेच राहिला.

१९२० च्या दशकात रशियात ओलेग लोसेव या तरुण तंत्रज्ञाला तीच चमक दिसली. त्याने ती सोडली नाही, मोजमापं केली, शोधनिबंध लिहिले. हा उजेड तार तापल्यामुळे येत नाही, हा काहीतरी वेगळाच प्रकार आहे, हे त्याच्या लक्षात आलं होतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने लेनिनग्राडला वेढा घातला, त्यात १९४२ साली तो उपासमारीने गेला. वय अवघं ३८.

मग थेट १९६२. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी तयार केला. १९७० च्या दशकात पिवळाही आला. पण निळा? अडकला तो अडकलाच.

का अडकला, ते सोप्या भाषेत सांगतो. एलईडीच्या आत इलेक्ट्रॉन एक पायरी खाली उडी मारतो आणि सुटलेली ऊर्जा प्रकाश बनून बाहेर पडते. पायरी बुटकी असेल तर लाल, उंच असेल तर निळा. उंच पायरीसाठी गॅलियम नायट्राइड हा पदार्थ योग्य होता, पण त्याचा स्वच्छ स्फटिक काही केल्या वाढत नव्हता. आणि निळा नाही म्हणजे पांढराही नाही, कारण नुसत्या लाल-पिवळ्यातून पांढरा होत नाही.

इथे आपल्या गाडीचा धागा परत येतो. १९८६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत प्रत्येक नव्या कारला मागच्या काचेजवळ तिसरा ब्रेक लाइट सक्तीचा झाला. लाल एलईडी तोवर तयार होता, तो हळूहळू त्या जागी शिरला. त्याचा फायदा फक्त वीज वाचण्यापुरता नव्हता. तारेचा बल्ब तापून पूर्ण उजळायला साधारण ०.२ सेकंद घेतो, एलईडी जवळपास त्याच क्षणी लागतो. ताशी १०० किलोमीटरच्या वेगात ०.२ सेकंद म्हणजे साडेपाच मीटर. मागच्या गाडीला एका कारपेक्षा जास्त अंतर फुकट मिळालं! रिव्हर्स लाइट मात्र निळ्याची वाट बघत बसला.

ती वाट जपानने संपवली. नागोया विद्यापीठात इसामू आकासाकी आणि त्यांचा विद्यार्थी हिरोशी आमानो यांनी १९८६ साली गॅलियम नायट्राइडचा चांगला स्फटिक वाढवून दाखवला. तिकडे तोकुशिमा या आडबाजूच्या प्रांतात निचिया नावाच्या कंपनीत शुजी नाकामुरा हा इंजिनिअर त्याच पदार्थाच्या मागे लागला होता. बहुतेक संशोधकांनी नाद सोडलेला. नाकामुराच्याच सांगण्यानुसार कंपनीतून एका टप्प्यावर काम थांबवण्याचा हुकूमही आला. त्याने दुर्लक्ष केलं. १९९३ साली त्याचा झगझगीत निळा एलईडी जगासमोर आला.

आता गंमत ऐका. निचियाचा मूळ धंदा फॉस्फरचा, म्हणजे ट्यूबलाइटच्या आत असते तसल्या चमकणाऱ्या पावडरीचा. निळ्या एलईडीवर पिवळ्या फॉस्फरचा थर दिला की निळा आणि पिवळा मिळून आपल्या डोळ्यांना पांढरा दिसतो. १९९६ साली हा पांढरा एलईडी बाजारात आला. राउंडच्या त्या चमकेपासून ८९ वर्षांनी! तुमच्या हातातला एलईडी बल्ब बंद असताना नीट बघा. त्यावर पिवळे ठिपके दिसतात ना? तो हाच थर.

नाकामुराला या शोधाबद्दल कंपनीकडून बक्षीस मिळालं २०,००० येन. त्याने कंपनीवर खटला भरला आणि २००५ साली सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली. २०१४ साली आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. मी नोकरीत कोड लिहितो, त्यामुळे "थांबव" सांगितल्यावरही न थांबलेल्या इंजिनिअरबद्दल मला जरा जास्तच आपुलकी आहे.

असो, परत पार्किंगमध्ये येऊ. आमच्या गाडीत डब्ल्यू१६डब्ल्यू बल्ब लागतो, १६ वॅटचा, चपट्या काचेच्या बुडाचा. तुमच्या गाडीत पी२१डब्ल्यू किंवा आणखी वेगळा असू शकतो, मॅन्युअल बघा. १२ व्होल्टवर १६ वॅट म्हणजे साधारण १.३ अँपिअर, आणि त्यातली बहुतेक वीज उष्णता बनून वाया जाते. एलईडी काही वॅटमध्येच काम भागवतो. पण मी स्वतः शिकलो त्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, एलईडी हा डायोड आहे, वीज एकाच दिशेने जाते. बसवला आणि लागला नाही तर खराब समजून परत पाठवू नका, काढून उलटा लावा. मी अर्धा तास विक्रेत्याला शिव्या घातल्या, चूक माझी होती.

दुसरी, काही गाड्यांचा कॉम्प्युटर कमी करंट बघून "बल्ब उडाला" असं समजतो. त्यावर रेझिस्टर जोडतात, पण तो चांगलाच तापतो. त्याला प्लास्टिक किंवा वायरीला चिकटवू नका.

तिसरी, दिव्यातला आरसा तारेच्या बल्बसाठी बनलेला असतो. तार चहूबाजूंनी उजेड टाकते, एलईडीच्या चिप ठरावीक बाजूंनीच. म्हणून पाकिटावरचा मोठा आकडा बघून भुलू नका. बसवल्यावर रात्री भिंतीसमोर गाडी लावा आणि उजेड खाली जमिनीवर पडतोय की मागच्याच्या डोळ्यात जातोय, ते बघा.

चौथी, रंग पांढराच ठेवा. निळसर फॅन्सी बल्ब ओल्या रस्त्यावर कमी उपयोगाचा, आणि मागच्याला काय चाललंय ते कळत नाही.

बल्ब लागल्यावर फरक दिसला का? हो. रिव्हर्स कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर आधी राखाडी चिखल दिसायचा, आता पार्किंगचे पट्टे दिसतात. शेवटी कॅमेरासुद्धा याच दिव्याच्या उजेडात बघतो.

त्या रात्री बाबांनी गाडी परत रिव्हर्स घेतली. मी मागे उभा होतो, या वेळी मोबाइल खिशात. बाबा आधी उतरले, गाडीच्या मागे चक्कर मारली, वाकून चाकांखाली बघितलं आणि मगच आत बसले. मी म्हटलं, "बाबा, आता लख्ख दिसतंय की." ते म्हणाले, "दिवा तुझा चांगलाच आहे. पण खाली तो बघत नाही, मला बघायला लागतं."

तर मंडळी, आज घरी पोचलात की एक करा. गाडी रिव्हर्समध्ये टाका, ब्रेकवर पाय घट्ट ठेवा आणि कुणाला तरी बाजूला उभं राहून बघायला सांगा, दोन्ही पांढरे दिवे लागतात का. ज्या घरात गाडी आहे त्यांना हा भाग पाठवा. भेटू पुढच्या भागात!