‘यू’ म्हणजे तू की तुम्ही?

इंग्रजी शिकायला बसलेल्या मराठी मुलाला पहिल्या काही दिवसांतच एक शंका येते. ‘ही’ला ‘इज’, ‘शी’ला ‘इज’, ‘इट’लाही ‘इज’. मग ‘यू’ला ‘आर’ का? समोर तर एकटा बंड्या उभा आहे आणि ‘आर’ हे अनेकवचनाचं क्रियापद आहे, असं गुरुजींनी कालच सांगितलं. गुरुजी म्हणतात, ‘नियम आहे, पाठ कर.’ तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेल्या आपल्या कित्येक पिढ्यांनी तो निमूटपणे पाठ केला. पण व्याकरणाच्या नियमामागे कधी कधी माणसांचे मानापमान असतात. या ‘आर’पायी लोकांनी शिव्या खाल्ल्या आहेत, मार खाल्ला आहे.

मुलाच्या शंकेचं उत्तर सोपं आहे. ‘यू’ म्हणजे मुळात ‘तू’ नव्हेच, ‘यू’ म्हणजे ‘तुम्ही’.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत समोरच्या एका माणसासाठी एक शब्द होता. पुढच्या काळातला त्याचा उच्चार ‘दाऊ’. अनेकांसाठी कर्ता म्हणून ‘यी’ आणि कर्म म्हणून ‘यू’. संस्कृतासारखं दोघांपुरतं वेगळं द्विवचनही होतं, ते लवकरच गळून गेलं. या व्यवस्थेत मानाचा प्रश्न नव्हता, फक्त मोजणीचा होता. समोर राजा असला तरी तो एकटाच, म्हणून ‘दाऊ’.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि दरबारात फ्रेंच भाषा आली. फ्रेंचांत मोठ्या माणसाला अनेकवचनी बोलण्याची चाल होती. तेराव्या शतकापासून ती इंग्रजीतही दिसू लागली. धन्याला, वडिलांना, अनोळखी प्रतिष्ठिताला अनेकवचन. नोकराला, लेकराला, जिवलगाला ‘दाऊ’. आणि देवालाही ‘दाऊ’च. हा हिशेब आपल्याला नव्यानं शिकवावा लागत नाही. ‘अहोजाहो’ आणि ‘अरेतुरे’ हे दोन शब्द उच्चारले की तो कळतो. हळूहळू ‘यी’ची जागाही ‘यू’ने घेतली आणि सामना उरला तो ‘दाऊ’ आणि ‘यू’ यांचा.

हा सामना पाहायचा तर शेक्सपिअरकडे जावं. ‘हॅम्लेट’मध्ये आईच्या महालातला प्रसंग आहे. राणी मुलाला ‘दाऊ’ म्हणून रागावते. मुलगा तेच वाक्य तिच्यावर उलटवतो, पण ‘यू’ म्हणून. त्याबरोबर राणीही ‘यू’वर येते. दोन ओळींत मायलेकांमध्ये भिंत उभी राहते आणि ती सर्वनामाची असते. आपल्याकडे उशिरा घरी परतलेल्या लेकाला आई ‘आलात का साहेब?’ म्हणते, तेव्हा तो मान नसतो हे लेकाला बरोबर कळतं. आगरकरांनी ‘विकारविलसित’ नावानं १८८३ साली हे नाटक मराठीत आणलं. अशा भाषांतरकाराच्या हाताशी ‘तू’ आणि ‘तुम्ही’ दोन्ही तयार असतात. आजच्या इंग्रज वाचकाला मात्र ही भिंत टीपेत समजावून सांगावी लागते.

नाटकातली गोष्ट न्यायालयातही घडली. नोव्हेंबर १६०३ मध्ये विंचेस्टर इथं सर वॉल्टर रॅले यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. रॅले म्हणजे दरबारी, दर्यावर्दी आणि कवी. सरकारी वकील एडवर्ड कोक यांनी भर न्यायालयात त्यांना ‘दाऊ’ म्हटलं आणि त्याच शब्दाचं क्रियापद करून सुनावलं. ‘तुला मी अरेतुरेच करणार’ असा त्याचा भाव. शिक्षा नंतर झाली, इज्जत आधीच उतरवली गेली.

आणि मग जॉर्ज फॉक्स आले. विणकराचा मुलगा, जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारी केलेला. १६५०च्या आसपास त्यांच्या भोवती जो पंथ जमला त्याला लोक क्वेकर म्हणू लागले. देवापुढे सगळी माणसं सारखी, ही त्यांची श्रद्धा. म्हणून ते कुणापुढे टोपी काढत नसत आणि समोर कितीही मोठा माणूस असो, एकट्याला ‘यू’ म्हणत नसत. त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता. माणूस एक असेल तर त्याला अनेकवचन लावणं हे खोटं बोलणं आहे. शिवाय प्रार्थनेत देवाला ‘दाऊ’ म्हणता आणि स्वतःला मात्र ‘यू’ म्हणवून घेता, तेव्हा देवापेक्षा मोठे झालात काय?

या युक्तिवादाची किंमत थॉमस एलवुड या तरुणाच्या आत्मकथेत वाचायला मिळते. तो क्वेकर झाला आणि घरात वडिलांना ‘दाऊ’ म्हणू लागला. वडील खवळले. पुन्हा हा शब्द ऐकला तर दात घशात घालीन, असं त्यांनी बजावलं. आपण मराठीत म्हणतो तसंच, शब्दाला शब्द. हाच एलवुड पुढे अंध मिल्टनला पुस्तकं वाचून दाखवायला जात असे.

१६६० साली फॉक्स आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तर यावर एक आख्खं पुस्तकच काढलं. अनेक भाषांतले दाखले देऊन त्यात दाखवलं होतं, की एकवचन आणि अनेकवचन जगभर वेगळं असतं. मार खाणाऱ्यांनी उत्तर म्हणून व्याकरण लिहिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

क्वेकर हरले. सतराव्या शतकाच्या अखेरीस प्रतिष्ठितांच्या बोलण्यातून ‘दाऊ’ जवळजवळ गेला होता. शहरं वाढत होती, अनोळखी माणूस कोण हे कळत नव्हतं, खालचा वर चढत होता. अशा वेळी ‘यू’ म्हणणं बरं. जास्त मान दिला म्हणून कुणी भांडत नाही. गंमत अशी, की जे क्वेकरांना हवं होतं ते झालं, पण उलट्या वाटेनं. त्यांना राजालाही ‘तू’ म्हणायचं होतं. इंग्रजीनं भिकाऱ्यालाही ‘तुम्ही’ म्हटलं.

‘यू’ एकट्या माणसाला लागू झाल्यावर बंड्याची शंका खुद्द इंग्रजांनाही आली. अठराव्या शतकात चांगले शिकलेले लोक एकाशी बोलताना ‘यू वॉज’ म्हणत. पुढे बिशप झालेल्या रॉबर्ट लाउथ यांनी १७६२च्या आपल्या व्याकरणात ती घोर चूक ठरवली. अमेरिकेत नोआ वेब्स्टर यांनी तिची बाजू घेतली. निकाल लाउथ यांच्या बाजूनं लागला. ‘यू’ एकाला म्हणा की शंभरांना, क्रियापद अनेकवचनीच. एका कोपऱ्यात तेवढं जुनं वचन शिल्लक आहे. एकट्याला ‘युवरसेल्फ’, अनेकांना ‘युवरसेल्व्ज’.

शिकणाऱ्यानं आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ‘यू नेव्हर नो’ यातला ‘यू’ समोरचा माणूस नसतो. तिथं ‘काही सांगता येत नाही’ एवढाच अर्थ आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सगळ्यांनाच ‘तुम्ही’ म्हटलं की ‘तुम्ही’तला मान उडून जातो. मग तो दुसरीकडे मांडावा लागतो. आपण ‘बसा’ म्हणतो तेव्हा आदर क्रियापदातच येतो. इंग्रजीत नुसतं ‘सिट’ म्हटलं की ती आज्ञा होते. म्हणून ‘प्लीज’, ‘वुड यू’, ‘कुड यू’. आपली माणसं इंग्रजीत कधी कधी उद्धट वाटतात ती मनानं उद्धट असतात म्हणून नव्हे. आदर सर्वनामात आणि क्रियापदात असतो, ही मराठीची सवय ती बरोबर घेऊन जातात.

इंग्रजीनं हे समतेचं नाणं मिळवलं, पण दाम मोजून. अरबी दुआत अल्लाहला एकवचनच आहे. आमच्या वारकऱ्यानं विठ्ठलाला ‘तू’ म्हणून भांडून घेतलं, जनाबाईनं तर हक्कानं कामाला लावलं. ही सलगी करायला इंग्रजी माणसाच्या रोजच्या बोलण्यात शब्द उरला नाही. ‘दाऊ’ आता जुन्या प्रार्थनांत, जुन्या कवितांत आणि उत्तरेकडच्या काही बोलींत भेटतो. ज्याला एके काळी अरेतुरे समजत, तोच शब्द आज अनेकांना भारदस्त आणि सोवळा वाटतो.

तेव्हा बंड्यानं पुन्हा विचारलं, की ‘यू’ला ‘आर’ का, तर ‘पाठ कर’ म्हणू नये. त्याला सांगावं, ‘बाळ, इंग्रजी तुला अहोजाहो करते आहे.’