आपल्या शाळेची परसबाग : थोडा इतिहास, थोडी कबुली

आठवीत कार्यानुभवाच्या तासाला शाळेमागच्या पडीक जागेत आपण भाजीचे वाफे केले होते, आठवतंय? तेव्हा तो आपल्याला ‘फुकट तास’ वाटायचा. त्या तासामागे शंभर वर्षांहून जुना विचार आहे, हे मला फार उशिरा कळलं.

१८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी प्राथमिक शाळेत मोडी-बालबोध वाचन, लेखन आणि हिशेब यांच्याबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञानही द्यावं, अशी मागणी केली. सरकारी तिजोरी ज्यांच्या घामातून भरते, त्यांच्याच मुलांच्या शिक्षणाकडे दुर्लक्ष होतं, हे त्यांचं दुखणं होतं. पुढे १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ पासून साताऱ्याच्या वसतिगृहात मुलं स्वतः राबून शिकू लागली. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली. त्यात हातचं काम हा वेगळा विषय नव्हता, त्यातूनच बाकीचे विषय शिकायचे होते. कोठारी आयोगाने (१९६४-६६) ‘कार्यानुभव’ हा शिक्षणाचा भाग असावा असं सुचवलं, आणि तो आपल्या वेळापत्रकापर्यंत पोहोचला. पण वेळापत्रकात आला तसा तो गुणपत्रिकेतही आला. इथून आमच्या गटाची गोष्ट सुरू होते.

चौथा वाफा आमचा. ऑगस्टमध्ये आम्ही मेथी टाकली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब आले, आम्ही हरखलो. काळी माती, सपाट वाफा, त्यात आठवडाभर झड. पाणी साचलं आणि रोपं मुळाशी सडून आडवी झाली. तपासणीच्या आदल्या दिवशी आम्ही चौघींनी बाजारातून मुळांसकट दोन जुड्या आणल्या आणि चिखलात खोचून दिल्या. सरांनी वाफा पाहिला, दहापैकी आठ गुण दिले, आणि जाताना एवढंच म्हणाले, “मेथी एका रात्रीत बरीच वाढली.”

सर, तुम्हाला कळलं होतं. आज तीस वर्षांनी कबूल करते. रोपं का मेली, हे मात्र आम्ही कुणालाच विचारलं नाही. खरा तोटा तोच झाला.

नोकरीत संगणकाची आज्ञावली बिघडली की पहिला प्रश्न असतो, ‘का बिघडली?’ तो प्रश्न मी त्या वाफ्यात शिकू शकले असते.

२०१९ मध्ये केंद्र सरकारने शाळांतल्या पोषण परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. आपल्या शाळेत गेल्या जूनमध्ये आम्ही काही जणी सहावीच्या मुलांबरोबर पुन्हा बाग सुरू केली. या वेळी वीतभर उंच गादीवाफे केले आणि बाजूला चर काढले. आहारानंतर हात धुतलेलं पाणी बागेकडे वळवलं. मुलांकडे एक वही आहे. तिच्यात काय उगवलं याबरोबर काय मेलं आणि का, हेही लिहायचं. गुण नाहीत. पहिल्या पानावर एका मुलीने लिहिलंय : ‘पालक मेला. मी बी फार खोल टाकलं.’

वाचून मला सरांची आठवण झाली.

आता प्रश्न मे महिन्याचा आहे. शाळेच्या बागा बहुधा उन्हाळ्याच्या सुट्टीतच मरतात. गावात राहणाऱ्यांनी आठवड्यातला एकेक दिवस पाणी घालायचं ठरवलं, तर ही बाग जगेल. स्नेहमेळाव्यात वही फिरवणार आहे. आपापला वार लिहा.