अक्षरांचा वेश
जर्मनीतील ऑफेनबाख येथे रुडॉल्फ कोख यांनी १९२३ मध्ये क्लिंगस्पोर ओतशाळेसाठी ‘नॉयलांड’ हा ठसठशीत टाइप घडवला. आधी रेखाटन न करता ठसे त्यांनी थेट धातूत कोरले. म्हणून प्रत्येक आकारातली अक्षरे थोडी निराळी. ‘नॉयलांड इनलाइन’मध्ये काळ्या अक्षराच्या पोटातून पांढरी रेघ धावते. टाइप जर्मन, हात जर्मन. पण अमेरिकेत तो आफ्रिकेवरच्या पुस्तकांवर चढला, १९९३ च्या ‘जुरासिक पार्क’च्या नावावरही. जंगल म्हटले की हाच!

आम्हाला हे नवे नाही. पुस्तक मुसलमानांविषयी असले, की मुखपृष्ठावरची देवनागरी हमखास अरबी वळण घेते. आत कथा असते रत्नागिरीच्या एसटी स्टँडवरची.