मोडशी : भय ओसरलेला शब्द

मोडशी या शब्दाने आज कोणी घाबरत नाही. लग्नाच्या पंगतीत दोन जिलब्या जास्त झाल्या, रात्री पोट बिघडले, एक-दोन उलट्या झाल्या, की घरातले वडीलधारे माणूस म्हणते, 'मोडशी झाली असेल. ओवा खा आणि उद्या लंघन कर.' नव्या पिढीच्या तोंडी तर हा शब्द क्वचितच येतो. तिला 'ॲसिडिटी' होते. लाक्षणिक अर्थानेही तो ऐकू येतो. फार ताठ्यात वागणाऱ्याला कोणी वठणीवर आणले, की 'त्याची चांगली मोडशी जिरवली' असे जुनी माणसे म्हणतात. अन्नाचे अजीर्ण जिरते, तसेच गर्वाचेही जिरवायचे असते, हा त्यातला भाव. थोडक्यात, मोडशी म्हणजे ओव्याने किंवा कानउघाडणीने बरे होणारे दुखणे.

हा अर्थ मनात धरून १६व्या शतकातल्या गोव्याचे वृत्तान्त वाचायला घेतले, तर मात्र वाचणारा गोंधळून जातो.

गास्पार कोरैया या पोर्तुगीज इतिहासकाराने १५४३ मधल्या गोव्यातल्या एका साथीची हकिकत लिहून ठेवली आहे. इथले लोक या रोगाला 'मोरेशी' म्हणतात, असे तो सांगतो. साथीत लहानथोर, गरीबश्रीमंत असा भेद राहिला नाही. मृतांसाठी चर्चच्या घंटा इतक्या वाजू लागल्या, की लोकांचा धीर खचू नये म्हणून गव्हर्नरने घंटा वाजवायलाच बंदी केली. मार्तिम आफोंसो द सोझा त्या वेळी गव्हर्नर होता. इस्पितळात या रोगाने मेलेल्या एका माणसाचे शव त्याने वैद्यांसमोर उघडायला लावले. आत विशेष काही सापडले नाही. जठर तेवढे आक्रसून कोंबडीच्या पेटीएवढे झाले होते आणि भाजलेल्या कातड्यासारखे सुरकुतले होते. अजीर्णासाठी कोणी घंटा बंद करत नाही.

वीस वर्षांनी, १५६३ साली, गोव्यातच गार्सिया द ओर्ता या वैद्याचा संवादरूप ग्रंथ छापला गेला. भारतातल्या औषधी द्रव्यांविषयीच्या या ग्रंथात एक संवाद याच रोगावर आहे. ओर्ता म्हणतो, ज्याला आमच्याकडे 'कॉलरा' म्हणतात, त्याला इथले लोक 'मोर्शी' म्हणतात आणि आमची माणसे तो शब्द बिघडवून 'मोर्देशी' करतात. पण इथला रोग आमच्या देशातल्यापेक्षा फार उग्र. तो बहुधा चोवीस तासांत माणूस नेतो. दहा तासही न टिकलेले रोगी त्याने पाहिले होते आणि जास्तीत जास्त मुदत त्याने चार दिवसांची सांगितली आहे. देशी वैद्य मिरी आणि जिरे घालून तांदळाची पेज पाजतात, पायाला डाग देतात, असेही तो नोंदवतो. पुढच्या शतकात गोव्यात इन्क्विझिशनच्या कैदेत पडलेल्या दलोँ या फ्रेंच वैद्यानेही तापलेल्या लोखंडाने टाचेला डाग देण्याचा उपाय सांगितला आहे. पेजेची कल्पना आजच्या डॉक्टरांनाही पटेल. या रोगात माणूस मरतो तो अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने.

कोकणी आणि मराठीतला हा शब्द मग परक्यांच्या तोंडी जहाजांवरून फिरू लागला. १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिन्स्खोटेन या डच प्रवाशाच्या ग्रंथात तो आहे. पोर्तुगीजांचे 'मोर्देशी' फ्रेंचांच्या कानावर पडले आणि त्यांनी ते आपल्या शब्दांत बसवले : 'मोर द शियँ', म्हणजे कुत्र्याचे मरण. मूळ शब्दाशी या अर्थाचा काही संबंध नाही. पण आपणही 'कुत्र्याच्या मौतीने मेला' म्हणतोच, म्हणून तो मराठी माणसाला चटकन पटतो. इंग्रजांनीही तेच नाव उचलले. १७८२-८३ मधल्या मद्रासच्या नौदल इस्पितळातल्या रोगांवर चार्ल्स कर्टिस याने लिहिलेल्या पुस्तकात हा रोग त्याच फ्रेंच नावाने येतो.

मूळ शब्द आपला आहे, हे यूल आणि बर्नेल यांनी १८८६ च्या आपल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात मांडले. त्यांनी तो 'मोडणे' या क्रियापदाशी जोडला. मला ही व्युत्पत्ती पटते, कारण मराठीत दुखण्याच्या भाषेत 'मोडणे' फार जुन्या ओळखीचे आहे. ताप येण्याआधी अंग मोडून येते. मोठ्या आजारातून उठलेला माणूस मोडून गेलेला दिसतो. काही तासांत डोळे खोल जाणे, बोटांची कातडी सुरकुतणे, उभा माणूस आडवा होणे, या साऱ्याला याहून नेमके क्रियापद कोणते असणार? संस्कृत वैद्यकातल्या 'विषूचिका' या नावात सुया टोचल्यासारख्या वेदनेवर लक्ष आहे. मोडशीत सगळा माणूसच कोसळतो.

इथे एक उलटसुलट प्रवास दिसतो. 'कॉलरा' हा ग्रीक वैद्यकातून आलेला युरोपातला शब्द. त्याचा संबंध पित्ताशी. तिथे उन्हाळ्यात होणाऱ्या जुलाब-वांत्यांना तो लावत. १८१७ मध्ये बंगालमधल्या जेसोरला साथ भडकली, त्याच वर्षी बुंदेलखंडात लॉर्ड हेस्टिंग्जच्या फौजेत ती शिरली आणि १८१८ मध्ये मुंबईला पोहोचली. पुढे ती जगभर गेली. त्या रोगाला इंग्रजांनी आपला हाच जुना, सौम्य शब्द दिला आणि तो भयंकर झाला. आपल्याकडे भयंकर असलेली मोडशी मात्र अजिर्णापर्यंत खाली उतरली.

माझ्या मते मोडशी पहिल्यापासूनच ऐसपैस अर्थाची असावी. पंगतीनंतरची उलटी आणि चोवीस तासांतला मृत्यू, ही एकाच नावाची दोन टोके होती. १९व्या शतकात वरचेवर येणाऱ्या साथींनी भयंकर टोकाला वेगळी नावे रूढ केली : पटकी, महामारी, पुढे कॉलरा. मागे उरले ते सौम्य टोक. शिव्याशापांत याचा पुरावा सापडतो. भांडणात बाई 'तुला पटकी भरो' म्हणे. 'तुला मोडशी होवो' असा शाप मी कधी ऐकला नाही. गावाने गाडा ओढून शिवेबाहेर नेऊन सोडला तो मरीआईचा. मोडशीची देवी झाली नाही. भाषेत भीती जिथे राहते, तिथेच शाप आणि नवस राहतात.

हा केवळ शब्दांचा खेळ नाही. १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेने कॉलऱ्याचे माहेर भारत ठरवले आणि यात्रेकरूंकडे बोट दाखवले. हा रोग १८१७ पूर्वी होता का, कुठे होता, याचा शोध घेणाऱ्या जॉन मॅकफर्सनला १८७२ च्या आपल्या ग्रंथात कोरैया आणि ओर्ता यांच्याकडेच जावे लागले. मोडशी म्हणजे नुसते अजीर्ण मानले, तर १८१७ च्या मागची शेकडो मरणे इतिहासातून पुसली जातात. प्रत्येक मोडशी म्हणजे कॉलरा मानला, तर साध्या पोटदुखीचीही साथ होते. जंतू कोणता होता, हे १६व्या शतकातले वर्णन सांगू शकत नाही. कॉख यांनी तो ओळखून दाखवला १८८४ मध्ये. पण किती तासांत माणूस गेला, किती जण गेले, घंटा का थांबवल्या, हे ते सांगते.

म्हणून जुन्या कागदांत कोणी 'मोडशीने वारले' असे आढळले, तर शब्दकोशाआधी मजकुराकडे पाहावे. दुखणे किती दिवसांचे होते, त्याच आठवड्यात त्याच गावात आणखी कोण गेले, घरची माणसे गाव सोडून गेली का? एवढे पाहिले, की ती मोडशी ओव्याची होती की मरीआईच्या गाड्याची, हे बहुतेक वेळा तो कागदच सांगतो.