हायड्रोजन गाडीतली पातळ प्लेट गंजू नये म्हणून तिचं कोटिंग ‘पकवतात’ कसं?

परभणी, मानवत किंवा जिंतूरला जळालेली मोनोब्लॉक मोटार रिवायंडिंगला टाकली, की कारागीर नवी तार भरतो, वार्निश पाजतो आणि ती गरम करत ठेवतो. ‘पिकाला पाणी द्यायचंय, आजच द्या’ म्हणून आपण घाई करतो. पण वार्निश कच्चं राहिलं तर ओल धरतं आणि मोटार पुन्हा जळू शकते.

हायड्रोजन फ्युएल सेलमध्येही हीच अडचण आहे, फक्त तिथे चूक जास्त महाग पडते. पुण्याच्या केपीआयटीने सीएसआयआरसोबत बनवलेल्या फ्युएल सेल कारची चाचणी ऑक्टोबर 2020 मध्ये झाली. त्यात धातूच्या अतिशय पातळ प्लेट वापरल्या होत्या, वजन कमी व्हावं म्हणून.

या प्लेटचं काम काय?

चालू स्थितीत एका सेलमधून साधारण 0.6 ते 0.7 व्होल्टच मिळतात. म्हणून अनेक सेल एकावर एक रचतात आणि मध्ये या प्लेट असतात. एका बाजूच्या खाचांतून हायड्रोजन जातो, दुसऱ्या बाजूने हवा आणि वीज प्लेटमधून आरपार. आत 60 ते 80 अंश उष्णता, ओल आणि आम्ल असतं. स्टील झिजलं की लोहाचे आयन सेलच्या पडद्यात शिरतात आणि तो खराब होतो.

मग कोटिंग लावून टाका की!

पॉलिमर गंज रोखतं, पण वीजही रोखतं. मोटारीच्या वार्निशकडून आपल्याला तेच हवं असतं, इथे मात्र नेमकं उलट. म्हणून त्यात ग्रॅफाइट किंवा कार्बन ब्लॅक मिसळतात.

‘क्युअरिंग’ म्हणजे वाळवणं नाही

स्लॅबवर पाणी मारतो तेही क्युअरिंगच, पण इथे पाण्याचा संबंध नाही. वाळताना फक्त द्रावक उडून जातं. क्युअरिंगमध्ये रेझिनचे रेणू एकमेकांना कायमचे जोडले जाऊन जाळं तयार होतं. ग्रिलच्या पावडर कोटिंगला त्यासाठी साधारण 180 ते 200 अंश लागतात. घड्याळ लावायचं ते भट्टी तापल्यावर नाही, धातू त्या तापमानाला पोचल्यावर.

खरी गोची द्रावकाची. एकदम तापवलं तर वरचा थर आधी घट्ट होतो, आत अडकलेली वाफ तो फोडून निघते आणि सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतात. गंज तिथूनच शिरतो. कमी पकलं तर कोटिंगमधले घटक पाझरून पडद्यापर्यंत जातात. जास्त पकलं तर थर ठिसूळ होतो.

पकलंय हे कळतं कसं?

सोपी चाचणी म्हणजे द्रावकात भिजवलेलं फडकं घासून बघायचं. रंग निघाला तर कच्चं. पण तेवढ्यावर भागत नाही. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने प्लेटसाठी ठेवलेलं लक्ष्य आहे: गंजाचा प्रवाह दर चौरस सेंटिमीटरला 1 मायक्रोअँपिअरपेक्षा कमी. वीज नीट जाते का, हे वेगळं मोजतात.

शिवाय कोटिंग आधी करून मग पत्रा दाबला तर खाचांच्या वळणावर थर ताणून तडकतो. नंतर केलं तर ते खाचांच्या तळाशी साचतं आणि कडांवर पातळ राहतं.