मोठेबाबांची नळी

मोठेबाबांच्या कुशीतून निघणारी नळी आणि तिला लटकणारी पिशवी घरच्या सगळ्यांनी पाहिली आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. पित्ताशयात खडे, त्यात पू, अंगात ताप. चिखलीहून रातोरात संभाजीनगरला नेलं. हार्टचं पंपिंग इतकं कमी की भूल झेपणार नाही म्हणाले. मग बरगडीखाली तेवढीच जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत बघत, यकृतातून पित्ताशयात सुई घातली आणि नळी बसवली. दुसऱ्या दिवशी ताप उतरला!

तेव्हापासून मी हेच वाचत बसलोय. गंमत म्हणजे 'काढू नका, नुसतं रिकामं करा' हीच जुनी रीत. १८६७ साली अमेरिकेत इंडियानापोलिसला डॉ. बॉब्स यांनी एका बाईचं पित्ताशय उघडून खडे काढले आणि ते शिवून आतच ठेवलं. १८८२ मध्ये बर्लिनच्या लांगेनबूख यांनी अख्खं पित्ताशयच काढलं. खडे तिथेच तयार होतात, मग ठेवायचं कशाला, असा त्यांचा रोखठोक हिशेब. पुढे १९९० मध्ये डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ते दुर्बिणीतून काढलं, भारतात पहिल्यांदाच.

पण ज्यांना भूलच चालत नाही, त्यांचं काय?

त्यांच्या कामी आला स्वीडनचा सेल्डिंगर. १९५३ मध्ये रक्तवाहिन्यांसाठी त्याने युक्ती काढली: सुईतून तार सरकवायची, सुई काढून घ्यायची, तारेवरून नळी आत न्यायची. एवढंच! सोनोग्राफी आल्यावर १९८० च्या सुमारास हीच युक्ती पित्ताशयापर्यंत पोचली.

नळी जीव वाचवते, पण ती निसटते, तुंबते. मोठेबाबा धोतर नेसायचे, आता लुंगीवर आले. कोणाकडे जात नाहीत. येईल त्याला एकच विचारतात, "हे नयी कवा काढतीन रे बापू?"

म्हणून पुढची रचना मला फार आवडली. तोंडातून दुर्बीण घालून, जठराच्या किंवा लहान आतड्याच्या भिंतीतून पित्ताशयाला आतूनच वाट करून द्यायची. त्या वाटेत जाळीची धातूची नळी बसते, अगदी डमरूसारखी. दोन्ही टोकं रुंद, म्हणून दोन्ही भिंती एकमेकींना धरून राहतात. बाहेर काहीच लोंबत नाही. हाँगकाँगच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या, २०२० मध्ये छापून आलेल्या ८० रुग्णांच्या चाचणीत वर्षभरात बाहेरच्या नळीवाल्यांपैकी शंभरी सुमारे ७८ जणांना काही ना काही त्रास झाला, डमरूवाल्यांत २६ जणांना.

मोठेबाबांना डमरूचं सांगितलं तर म्हणाले, "वाजत त नाही ना?"

मंगळवारी मलकापूरहून मुंबईची गाडी आहे. फाईल पिशवीत भरून ठेवली आहे.