दिल्ली ते दौलताबाद : चाळीस दिवसांचे अंतर

१/ चिकलठाण्याहून निघालेले विमान साधारण दोन तासांत दिल्लीला उतरते. सरळ रेषेत हे अंतर हजार किलोमीटरही भरत नाही. १४व्या शतकात इब्न बतूताने मात्र दिल्ली-दौलताबाद अंतर चाळीस दिवसांचे नोंदवले. हा थ्रेड त्या चाळीस दिवसांविषयी.

२/ १३२७च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकाने देवगिरीला राजधानीचा दर्जा दिला. तिचे दौलताबाद झाले. बरनी कारण सांगतो : देवगिरी मध्यवर्ती, दिल्ली, गुजरात, लखनौती, तेलंगण तिथून जवळपास सारख्याच अंतरावर. नकाशा उघडून पाहा! बंगालमधील लखनौती ही गुजरातच्या पाटणपेक्षा दुपटीहून दूर आहे. तरीही नव्याने जिंकलेल्या दक्षिणेवर दिल्लीतून हुकूमत चालवणे कठीण होते, ही सुलतानाची अडचण खरीच.

३/ या वाटेवर दुतर्फा झाडी होती आणि टपालाच्या चौक्या होत्या. पायी धावणाऱ्या हरकाऱ्याच्या एका हातात पत्र, दुसऱ्या हातात तांब्याच्या घंटा लावलेली काठी. घंटांचा नाद कानी पडताच पुढच्या चौकीवरचा माणूस कंबर कसून उभा राही. सिंध-दिल्ली हा पन्नास दिवसांचा प्रवास, पण बातमी पाच दिवसांत पोहोचे, असे इब्न बतूता लिहितो. त्याच हिशेबाने दौलताबादची खबर चार-पाच दिवसांत दिल्लीत जात असावी, हा माझा अंदाज. सुलतान दौलताबादेत असला की त्याच्यासाठी गंगेचे पाणीही याच पद्धतीने येई.

४/ पत्र धावत होते. माणसांना मात्र चालावेच लागे. इसामी तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्याचे नव्वदीचे आजोबा इझ्झुद्दीन यांनाही घर सोडायला लावले गेले. तिलपत हा दिल्लीबाहेरचा अगदी पहिला मुक्काम. तिथेच ते वारले. नातू पुढे चालत राहिला.

५/ दिल्लीत कुत्री-मांजरेही उरली नाहीत, ही बरनीची अतिशयोक्ती. स्थलांतर प्रामुख्याने उमराव, उलेमा, सूफी आणि त्यांच्या परिवारांचे झाले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मला ते पटते. पण त्यामुळे तिलपतचा मृत्यू हलका होत नाही.

६/ पुढे दिल्लीला परतण्याची मुभा मिळाली, तरी अनेकजण इथेच राहिले. दख्खनच्या अमिरांनी बंड केले, तेव्हा सुलतान स्वतः सैन्य घेऊन आला, दौलताबादला वेढा घातला. तेवढ्यात गुजरातेत उठाव झाला आणि त्याला तिकडे धावावे लागले. ३ ऑगस्ट १३४७ रोजी हसन बहमनशाह गादीवर बसला. दख्खन दिल्लीच्या हातून गेले.

७/ त्याच बहमनशाहाच्या आश्रयाने इसामीने १३५०मध्ये ‘फुतूह-उस-सलातीन’ हे फारसी काव्य पूर्ण केले. आजोबांची हकिगत आपल्याला त्यातूनच कळते. सुलतानाला त्याने तेवीस वर्षांनंतरही क्षमा केलेली नव्हती.

८/ दिल्लीहून आलेले कवी अमीर हसन सिज्झी आणि सूफी बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या कबरी खुलताबादेत आहेत. वेरूळला जाताना वाट वाकडीही करावी लागत नाही.